फिरत्या माणसाचा केसपेपर

मुंबईच्या उपनगरात शेतमजूर कुठून आले, असं विचारणाऱ्याने लोकलच्या दारातून एकदा बाहेर बघावं. मध्य रेल्वेच्या रुळांलगत जागोजागी पालक, लाल माठ, मुळा, भेंडीचे वाफे वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. मोकळ्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली आपल्या कर्मचाऱ्यांना हे तुकडे कसायला दिले. तिथे प्रत्यक्ष राबणारे हात मात्र बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांचे. पश्चिमेला गोरेगावात 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिथल्या आणि जोगेश्वरीच्या तबेल्यांत म्हशींचं शेण काढणारे, वैरण टाकणारे, पहाटे धार काढणारेही असेच परमुलखातून आलेले.

तिसरा गट हंगामी, आणि तो आपल्याच राज्यातला. मराठवाड्यात रब्बीची कामं आटोपली, विहिरींनी तळ गाठला की भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबं मुंबईची गाडी धरतात. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं त्याच दिवसांत, घाटकोपर पश्चिमेच्या भटवाडीतल्या दत्ताजी साळवी मैदानावर नांदेडच्या मुखेड तालुक्यातली आणि आसपासची शेकडो माणसं पालं ठोकून राहिली होती. बांबू, ताडपत्री, तीन दगडांची चूल, पाण्याचे हंडे. सकाळ झाली की बाया-बाप्ये नाक्यावर उभे राहायचे आणि मिळेल ते बिगारी काम करायचे. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘दुष्काळग्रस्त’ म्हटलं. पण त्यातल्या कित्येकांसाठी ही वाट नवी नव्हती. दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो, उन्हाळ्यात मुंबई हा त्यांचा ठरलेला मुक्काम.

अशा माणसांना मोफत आरोग्यसेवा द्यायची, आणि त्यासाठी वैद्यकीय, नर्सिंग किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची मदत घ्यायची, ही कल्पना ऐकायला सोपी वाटते. टेबल मांडा, रक्तदाब मोजा, गोळ्या द्या. पण गोळी फुकट मिळाली म्हणजे उपचार झाला असं नाही. या लोकांच्या आजारपणात नेमकं काय अडतं, हे आधी पाहायला हवं.

दवाखाना जवळ, वेळ लांब

घाटकोपर पूर्वेला महापालिकेचं राजावाडी रुग्णालय आहे. मुलुंडला अगरवाल, कांदिवलीला शताब्दी, बोरिवलीला भगवती, विलेपार्ल्याला कूपर. उपनगरात सरकारी खाटा पुरेशा आहेत असं कोणी म्हणणार नाही, पण दवाखानाच नाही अशी स्थितीही नाही. केसपेपरचे पैसेही नाममात्र. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तरी तिथला खर्चही खासगीच्या मानाने किरकोळच.

अडचण घड्याळाची आहे. ओपीडीचे केसपेपर सकाळी निघतात आणि मजुरांचा नाकाही सकाळीच भरतो. आठ-नऊच्या सुमारास मुकादम किंवा ठेकेदार येऊन माणसं निवडून नेतो. त्या वेळी जो राजावाडीच्या रांगेत उभा असेल त्याचा रोज बुडाला. रांगेत तीन तास, मग रक्त तपासायला दुसरी खिडकी, रिपोर्ट परवा. म्हणजे फुकटच्या उपचाराला दोन दिवसांची मजुरी मोजायची. त्यापेक्षा गल्लीतल्या दवाखान्यात संध्याकाळी एक सुई टोचून घ्यावी आणि उद्या कामावर उभं राहावं, हा हिशोब अडाणीपणाचा नाही. रोजंदारीवर पोट असलेला कोणीही हाच हिशोब करेल.

पालिकेने 2022 च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेचं महत्त्व इथे कळतं. यातले बरेचसे दवाखाने दुपारी 3 ते रात्री 10 या वेळेत उघडे असतात. मोफत औषधं आणि रक्ताच्या तपासण्या यांच्याइतकीच ही वेळ मोलाची आहे. पण चार महिन्यांसाठी आलेल्या कुटुंबाला असा दवाखाना कुठल्या गल्लीत आहे हे सांगणार कोण?

कायद्याच्या कागदावर न बसणारी माणसं

दुसरी अडचण कागदांची. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मजुरांच्या वैद्यकीय सोयीची जबाबदारी टाकली, पण ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरती. बिहारहून आणलेला मजूर त्या कायद्याच्या व्याख्येत बसत होता. मुखेडहून साडेपाचशे किलोमीटरवर आलेला मजूर बसत नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेलीच नाही. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करायची तर मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा मालक. दाखला द्यायला कोण बसलंय?

राहता राहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती मोठी आहे, कामाचीही आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी. स्थलांतरित मजुराचं दुखणं बहुतेक वेळा भरतीच्या अलीकडचं असतं. ओझी वाहून धरलेली कंबर, बायकांचा पंडुरोग, अंगावरून पांढरं जाणं, लघवीची जळजळ, मुलांची खरूज, हगवण, चुकलेली लस, तीन आठवड्यांचा खोकला, कधीच न मोजलेला रक्तदाब. यातलं एकही दुखणं आज माणूस आडवा करत नाही, म्हणून कुठल्याही योजनेच्या यादीत ते ठळकपणे येत नाही. आणि दुर्लक्ष झालं तर यातलं जवळजवळ प्रत्येक दुखणं पुढे भरतीपर्यंत नेतं.

हे दुर्लक्ष कुठवर जाऊ शकतं याचा दाखला बीड जिल्ह्याने दिला. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. मध्ये खाडा झाला की पैसे कापले जातात. मासिक पाळीचा त्रास, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही सगळी दुखणी हंगामात अंगावर काढली जातात आणि गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात त्यावर एकच इलाज सुचवला जातो: पिशवी काढून टाका. 2019 मध्ये याचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. 15 ते 49 वयोगटात देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

या बायकांना डॉक्टर भेटलाच नव्हता असं नाही. भेटला तो एकदाच भेटला आणि त्याने एकदाच काय तो निकाल लावला. आधी साध्या औषधाने बघू, महिन्याने परत ये, असं म्हणणारं आणि महिन्याने खरोखर भेटणारं कोणी नव्हतं. फिरत्या माणसाच्या आरोग्यातली उणीव ती हीच.

शेताच्या बांधावर विद्यार्थी

जगात याला काही उत्तरं शोधली गेली आहेत. अमेरिकेत फिरत्या शेतमजुरांसाठी 1962 मध्ये स्वतंत्र आरोग्य कायदा झाला आणि त्यातून मजुरांच्या वस्त्यांजवळ दवाखाने उभे राहिले. जॉर्जिया राज्यात मोल्ट्री या गावाच्या परिसरात भाजीपाल्याच्या शेतांवर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले मजूर राबतात. एमरी विद्यापीठाच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा चमू वर्षानुवर्षं दर जूनमध्ये दोन आठवडे तिथे जातो. सोबत फिजिओथेरपी, दंत आरोग्य अशा इतर शाखांचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक. दिवसा मजुरांच्या मुलांची शाळेत तपासणी, आणि मोठ्यांची संध्याकाळी, शेतावरचं काम सुटल्यावर, त्यांच्या राहत्या जागी. तिथल्या स्थानिक शेतमजूर दवाखान्याशी त्यांचं जोडकाम असतं. विद्यार्थी परत गेले तरी तो दवाखाना तिथेच असतो. या उपक्रमातून उचलण्यासारख्या गोष्टी दोन: मजुराच्या वेळेला जाणं, आणि आपल्यामागे कोणीतरी ठेवून येणं.

मुंबईत अशा कामाला लागणारी माणसं आणि संस्था आधीपासून आहेत. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचं नागरी आरोग्य केंद्र मालाडच्या मालवणीत आहे. सायनच्या महाविद्यालयाचं केंद्र धारावीत आहे आणि लोक त्याला ‘छोटा सायन’ म्हणतात. कूपर रुग्णालयाला जोडून 2015 मध्ये नवं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये समुदाय वैद्यकशास्त्राचे सुमारे तीन महिने प्रत्येकाला करावेच लागतात. 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांनी कुटुंबं ‘दत्तक’ घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असंही ठरवलं आहे. शिवाय अनेक कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही योजना विद्यार्थ्याकडून वर्षाला 120 तास मागते. परळच्याच केईएम रुग्णालयाच्या तरुण डॉक्टरांनी 2007 मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था काढली आणि ती पुढे बिहारच्या पुरापासून गोवंडीच्या वस्त्यांपर्यंत काम करत राहिली. म्हणजे उत्साह, मनुष्यबळ, अभ्यासक्रमातली जागा, सगळं आहे.

फक्त विद्यार्थी काय करू शकतो आणि काय नाही याची रेघ स्पष्ट हवी. ज्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी नाही त्याने औषध लिहून द्यायचं नाही. निदान आणि सही नोंदणीकृत डॉक्टरची. गरिबाच्या अंगावर हात बसवून घ्यायला आलेला शिकाऊ, अशी शंका मजुराच्या मनात आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. डॉक्टर एक आणि विद्यार्थी दहा असतील तर त्या दहांनी डॉक्टरचं काम वाटून घ्यायचं नसतं. डॉक्टरला ज्यासाठी कधीच वेळ मिळत नाही ते काम त्यांनी करायचं असतं.

टेबलाच्या अलीकडे

ते काम कसं दिसतं, हे एका बाईच्या निमित्ताने पाहू. समजा वय तिशीतलं, गाव नांदेडच्या देगलूरकडचं, बांधकामावर विटा-रेती वाहते. शिबिरात आली ती ‘चक्कर येते’ एवढंच सांगत. गर्दीच्या ओपीडीत या तक्रारीला अर्धं मिनिट मिळतं आणि टॉनिकची बाटली मिळते.

विद्यार्थिनी तिला आधी पाच मिनिटं नुसतं बसवते. चालत आलेल्या माणसाचा लगेच मोजलेला रक्तदाब चढा दिसतो. मग पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर टेकवून, एकदा आणि थोड्या वेळाने पुन्हा. त्यानंतर बोट टोचून हिमोग्लोबिन. समजा ते आठ भरलं. बाईला ते निदान बारा हवं, गरोदर असेल तर अकरा. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के बायका या रेघेखाली आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, तेव्हा हा आकडा नवलाचा नाही. पुढचे प्रश्न मात्र नेमके हवेत. पाळी कधी आली होती? किती दिवस जाते, किती फडकी लागतात? शेवटचं बाळंतपण कधी? पायात चप्पल न घालता शेतात जाता का? (अनवाणी पायांतून हुककृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो.) दिवसाला जेवण किती वेळा, आणि जेवणावर लगेच चहा का? लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की ती पुरती अंगी लागत नाही, हे कोणीतरी तिला बसून सांगावं लागतं. गोळीने शौच काळी होते, पोट थोडं बिघडतं, त्याला घाबरून गोळ्या टाकून देऊ नका, हेही.

ही चौकशी झाली की डॉक्टरसमोर ‘चक्कर येते’ अशी तक्रार जात नाही. ‘आठ हिमोग्लोबिन, पाळीत दहा दिवस अंगावर जातं, गरोदर नाही’ अशी नीट मांडलेली केस जाते. डॉक्टर दोन मिनिटांत योग्य ते ठरवू शकतो. विद्यार्थिनीची पंधरा मिनिटं तिथे कामी आलेली असतात. शिवाय गावची बाई पुरुष डॉक्टरला जे सांगणार नाही ते पोरीच्या वयाच्या विद्यार्थिनीला, आडोसा असेल तर, सांगते. म्हणून शिबिरात औषधांच्या खोक्यांआधी एका पडद्याची सोय करावी.

खोकल्याचंही तसंच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर खोकल्याचं औषध देऊन वाटेला लावायचं नाही, थुंकी तपासायची. क्षय निघाला तर साध्या क्षयाचेही उपचार सहा महिने चालतात आणि मजूर मुंबईत राहणार तीन-चार महिने. गावी गेला की गोळ्या सुटतात, आणि अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद देईनासा होतो. यावर सरकारी यंत्रणेत तोड आहे. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदीत रुग्णाला मिळणारा क्रमांक देशभर चालतो आणि उपचार घाटकोपरहून मुखेडला वळते करता येतात. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कमही 2024 च्या अखेरीस 500 वरून 1000 रुपये झाली. पण तो क्रमांक रुग्णाजवळ लिहून दिलेला हवा, आणि रुग्ण निघण्याआधी त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला फोन गेलेला हवा. हे काम विद्यार्थी डॉक्टरपेक्षा चांगलं करतो, कारण फोन लागेपर्यंत लावत बसायला त्याच्याकडे वेळ असतो.

आरे आणि जोगेश्वरीच्या तबेल्यांत पावसाळ्याआधी वेगळा पाढा लागतो. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने या तापाची मोठी साथ पाहिली. तबेल्यात काम करणाऱ्याला हा धोका दर पावसाळ्यात असतो. गुडघाभर पाण्यात उतरल्यावर प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, पण ते गरोदर बाईला देत नाहीत. म्हणजे इथेही गोळी हातात ठेवण्याआधी कोणीतरी विचारावं लागतं. आणि ‘पावसाळ्यात ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा’ हे वाक्य जूनमध्ये तबेल्यात जाऊन, धार काढून झाल्यावर, त्यांच्या बोलीत सांगावं लागतं.

मुलांच्या लसींसाठी डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन इंद्रधनुष’मध्ये वीटभट्ट्या, बांधकामं, फिरत्या वस्त्या यांचा मुद्दाम विचार आहे. पण पालांत कोणाचं मूल किती महिन्यांचं आहे, कार्ड गावी राहिलं का, हे विचारत हिंडणारं माणूस लागतंच. पालिकेच्या आरोग्य सेविकेच्या वाट्याला आधीच भरपूर घरं असतात. दोन विद्यार्थ्यांनी मैदानावरच्या पालांची यादी करून तिच्या हातात दिली, तर तिची एक दुपार वाचते.

शिबिर कुठे फसतं

या कामात काय फसतं तेही ठरलेलं आहे. रविवारी बॅनर लागतो, पाहुणे येतात, दुपारपर्यंत दोन-तीनशे माणसं ‘तपासली’ जातात, प्रत्येकाला कॅल्शियम-व्हिटॅमिनची पाकिटं मिळतात आणि संध्याकाळी फोटो. ज्याचा रक्तदाब त्या दिवशी वाढलेला निघाला त्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. सोळाव्या दिवशी काय? रक्तदाबाची गोळी पंधरा दिवस घेऊन सोडणं आणि न घेणं यात फारसा फरक नाही. उलट ‘आपण औषध केलं’ असं समाधान माणसाला मिळतं आणि तो दवाखान्याकडे फिरकत नाही.

दुसरी गोची वेळापत्रकाची. मराठवाड्यातली कुटुंबं मैदानावर असतात ती साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, आणि कॉलेजच्या परीक्षा-सुट्ट्याही त्यातच येतात. नव्या वर्षाचे विद्यार्थी उत्साहाने तयार होतात तोवर मैदान मोकळं झालेलं असतं. यावर उपाय खर्चिक नाही. उपक्रम एखाद्या हौशी बॅचचा न राहता विभागाचा झाला पाहिजे, पुढच्या बॅचने मागच्या बॅचची वही घेतली पाहिजे, आणि उन्हाळ्यातले आठवडे इंटर्नच्या पाळ्यांमध्ये बसवले पाहिजेत. इंटर्न उन्हाळ्यातही ड्युटीवर असतोच.

तिसरी गोष्ट मुकादमाची. त्याला वगळून वस्तीत पाऊल टाकलं की तो संशयाने बघतो आणि माणसं येत नाहीत. त्यालाच सगळं सोपवलं तर बायका त्याच्यासमोर तोंड उघडत नाहीत. त्याला सांगून जायचं, त्याचाही रक्तदाब मोजायचा, पण तपासणीच्या पडद्यामागे त्याला घ्यायचं नाही.

मग चालतं काय? ठरलेला वार, ठरलेली जागा, कामावरून सुटल्यानंतरची वेळ. प्रत्येकाजवळ राहील असा एक कागद, ज्यावर नाव, गाव, तालुका, निदान, औषधाचं नाव आणि पुढची तारीख मराठीत, गरज असेल तिथे हिंदीत, मोठ्या अक्षरात. पालात पाणी गळतं, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत. त्याचीच नोंद विद्यार्थ्यांच्या वहीत. राजावाडीला किंवा जवळच्या ‘आपला दवाखाना’ला पाठवायचं तर हातात चिठ्ठी, आणि पहिल्या खेपेला सोबत एक विद्यार्थी, कारण कुठली खिडकी आधी आणि कुठली नंतर हे माहीत नसल्यानेच माणसं रांगेतून परत फिरतात. गावी निघताना आशाताईचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. यातल्या कशालाच मोठी देणगी लागत नाही. सातत्य लागतं, आणि कॉलेजने ते काम गुणांइतकंच गंभीरपणे घेणं लागतं.

विद्यार्थ्यालाही यातून जे मिळतं ते वॉर्डात मिळत नाही. वॉर्डातला रुग्ण खाटेवर असतो. त्याचा रोज, त्याचा मुकादम, त्याची पाण्याची रांग दिसत नाही. ‘दिवसातून तीन वेळा जेवणानंतर’ असं लिहिताना समोरचा दोनदाच जेवतो हे ज्याने पालात बसून पाहिलंय, तो पुढे आयुष्यभर वेगळ्या तऱ्हेने औषध लिहितो.

म्हणून अशा उपक्रमाच्या अहवालात किती जणांना तपासलं हा आकडा पहिल्या ओळीत नसावा. दुसऱ्यांदा किती जण आले, रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर पोचले, आणि गावी गेलेल्या किती क्षयरुग्णांच्या गोळ्या तिथे सुरू राहिल्या, हे तीन आकडे आधी लिहावेत. ते पहिल्या वर्षी लहानच निघतील. पण देणगीदाराने, प्राचार्यांनी आणि पालिकेनेही विचारायचे ते हेच, कारण दोनशे जणांना व्हिटॅमिनची पाकिटं वाटण्यापेक्षा वीस जणांचा उपचार पुरा करणं अवघड आहे आणि फिरत्या मजुराच्या उपयोगाचं तेच आहे.